व्हॅक्यूमची टी तुटली: चिकटवायची, पितळी बसवायची की ओरिजिनलची वाट बघायची?

बॉनेटखालचा व्हॅक्यूमचा होस, म्हणजे इंजिनाची ओढ पोचवणारी रबरी नळी, जरा बाजूला करायला गेलात आणि तीन नळ्या जोडणारी प्लॅस्टिकची टी कटकन मोडली. अर्धी होसमध्ये, अर्धी हातात. आता पर्याय चार: चिकटवा, बाजारातली साधी प्लॅस्टिकची लावा, पितळी बसवा, नाहीतर ओरिजिनल मागवा. स्क्रॅपमधून काढून आणणं हा पाचवा, पण तुमच्या गाडीइतकीच वर्षं भाजून निघालेलं प्लॅस्टिक पैसे देऊन कशाला आणायचं?

उदाहरणाला फोक्सवॅगन गटाचं 1.8 लिटरचं, 20 व्हॉल्व्हचं टर्बो पेट्रोल इंजिन घेतो. आपल्याकडे ते ऑक्टाव्हिया आरएसमध्ये आलं, 150 अश्वशक्तीचं. ऑक्टाव्हिया जोडली जायची तेव्हाच्या औरंगाबादला, त्यामुळे ही गाडी आपल्याला तशी परकी नाही. या इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डखाली टी, एल्बो, एनआरव्ही (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) आणि ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या डब्याला, जास्तीची ओढ देणारा छोटा प्लॅस्टिकचा जेट पंप, असं सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. तिथे नीट दिसत नाही, हात जात नाही, आणि क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातली, तेलकट वाफही तिथूनच जाते. उष्णता आणि तेल मिळून वीसेक वर्षांत नायलॉनचं बिस्कीट करतात.

शिवाय पेट्रोल टर्बोत हे फिटिंग दोन्हीकडून मार खातं. आयडलिंगला मॅनिफोल्ड हवा ओढतं, टर्बो जागा झाला की त्याच नळीत उलटा दाब येतो. म्हणून एकाच चिरेची लक्षणं उलटसुलट दिसतात. सिग्नलला उभे असताना सेन्सरने न मोजलेली हवा आत घुसते, मिश्रण पातळ होतं, आरपीएम वरखाली होतात, मिश्रण पातळ असल्याचा पी0171 कोड येतो. खंबाटकी घाट चढताना पाय दाबला, की मोजलेली हवा फुस्सकन बाहेर जाते, पेट्रोल जास्त पडतं आणि गाडी पिकअप घेत नाही. मग मेकॅनिक एकदा सेन्सर बदलतो, एकदा प्लग.

चिकटवण्याचं थोडक्यात सांगतो: नको. झटपट चिकटणारा साधा गोंद 80 अंशांच्या आसपासच हात टेकतो, आणि तेल प्यालेल्या नायलॉनवर एपॉक्सीसुद्धा नीट धरत नाही. वर तो सुटला तर त्याची खपली जाणार कुठे? आत.

साध्या प्लॅस्टिकच्या टी दोन ठिकाणी मिळतात, माशांच्या टाकीच्या दुकानात आणि ठिबक सिंचनाच्या. ठिबकचा कनेक्टर लावून घरी आलेली गाडी मी पाहिली आहे आणि मला त्या माणसाचं कौतुकच वाटलं. पण ते प्लॅस्टिक थंड पाण्यासाठी केलेलं असतं. इंजिनाच्या उष्णतेत ते मऊ पडतं आणि होसखाली हळूहळू दबतं. घर गाठायला चालेल, तिथून पुढे नाही.

खरी लढत पितळी आणि ओरिजिनलमध्ये आहे. पितळी टी नाना पेठेत किंवा न्यूमॅटिकच्या दुकानात चहा-वड्याच्या पैशात मिळते आणि उष्णतेला दाद देत नाही. पण ती जड असते. दोन्ही बाजूंना रबरी होस असेल आणि जवळ टायने बांधायला जागा असेल तर उत्तम. कडक प्लॅस्टिकच्या नळीवर तिला लटकवली तर थरथरीने शेजारचा निपल, म्हणजे होस चढवायचं टोक, मोडतो. मी स्वतःच असा एक निपल गमावला आहे. दुसरी गोष्ट, बाहेरून 6 मिलिमीटर मापलं म्हणजे काम झालं असं नाही. मूळ फिटिंगच्या आत मुद्दाम बारीक भोक ठेवलेलं असू शकतं. तुटलेला तुकडा उजेडात धरून आरपार बघा. भोक बारीक असेल किंवा आत झडप असेल, तर साधी पितळी टी तिथे बसेल, पण काम करणार नाही.

ओरिजिनलची अडचण वेगळी. टी सुटी मिळत नाही, अख्खी होस असेंब्ली घ्यावी लागते, आणि जुन्या गाडीला वाट बघावी लागते. म्हणून मी लाइन बघून ठरवतो. ब्रेक बूस्टरची लाइन असेल तर ओरिजिनलच, गाडी उभी राहिली तरी चालेल. क्रँककेसच्या वाफेच्या लाइनवरचा एनआरव्हीही ओरिजिनल, कारण तो बंद झाला नाही तर टर्बोचा दाब क्रँककेसमध्ये शिरून तेलाचे सील ढकलतो. या लाइनवर साधा सिलिकॉन होसही नको, तेलाने तो फुगतो. वेस्टगेटकडच्या, म्हणजे टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेकडच्या, दाबाच्या लाइनवर पितळी चालते, पण क्लिप घट्ट हवी. तिथला होस निसटला तर वेस्टगेट उघडतच नाही आणि दाब प्रमाणाबाहेर चढतो. बाकी निव्वळ व्हॅक्यूम पोचवणाऱ्या बारीक नळ्यांवर खुशाल पितळी लावा.

व्हीजीटी टर्बोची (आतली पाती हलवून दाब कमीजास्त करणाऱ्या टर्बोची) डिझेल गाडी असेल तर हिशेब बहुतेकदा उलटा. तिथे ती पाती हलवणारा ॲक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालतो, त्यामुळे गळती झाली की दाब वाढत नाही, पडतो. गाडी मरगळते, मोडतोड सहसा होत नाही. तिथे पितळीचा प्रयोग करायला मी कचरत नाही.

काहीही बसवा, होसचं कडक झालेलं टोक सेंटीमीटरभर कापून मगच चढवा. नव्या टीवर जुनं फाकलेलं तोंड बसवलं तर गळती तशीच राहते. आणि जुन्या टीचे सगळे तुकडे कागदावर जुळवून बघा. एखादा कमी असेल तर तो सापडेपर्यंत किल्ली फिरवू नका.