डेकचा प्लॅन, स्ट्रक्चरल ड्रॉइंग आणि रजाचिठ्ठी: दांडिया बाजारातल्या इंजिनिअरचा अनुभव

बडोद्यात जुन्या घराला डेक, मोठी बाल्कनी किंवा गच्चीवर लोखंडी स्ट्रक्चर करायचा विचार असेल तर हे वाचा, कारण आम्हाला शोधूनही मराठीत कुठे नीट काही मिळालं नव्हतं. आमचं घर कारेलीबागेत, मागे वरच्या बेडरूमला लागून 12 बाय 15 फुटांचा डेक हवा होता, खाली लोखंडी फ्रेम, वर डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या) फळ्या आणि एका बाजूला हिंचका म्हणजे झोपाळा, तो तर पाहिजेच, त्याच्याशिवाय सासूबाई डेकवर पाय ठेवणार नाहीत.

आधी एका फॅब्रिकेटरला बोलावलं होतं. तो म्हणाला भिंतीत अँकर मारू, पुढे दोन पाइप उभे करू, काम झालं, रजाचिठ्ठीच्या, म्हणजे महापालिकेच्या बांधकाम परवानगीच्या, भानगडीत कशाला पडता, नंतर इम्पॅक्ट फी (विनापरवाना बांधकाम नियमित करून घ्यायची फी) भरून टाका. हे बडोद्यात सगळेच बोलतात म्हणून सांगते, 2022 चा इम्पॅक्ट फीचा कायदा आधीच उभ्या असलेल्या बांधकामांसाठी आला होता, आज नवीन बांधा आणि उद्या पैसे भरून मोकळे व्हा असं त्यात काही नाही. पण मला खरी भीती त्या भिंतीची वाटत होती. माझा भाऊ न्यू जर्सीत असतो, तो सांगतो तिकडे डेक पडतात तेव्हा बऱ्याचदा घराच्या भिंतीला जोडलेली बाजूच सुटून येते, म्हणून तिकडे परमिट देताना तो जॉइंट आणि फूटिंग (खांबांचा पाया) दोन्ही तपासतात. आणि आमची तर जुनी विटांची भिंत!

मग ओळखीतून दांडिया बाजारातल्या या इंजिनिअर साहेबांकडे गेलो. कलाभवनचे, म्हणजे इथल्या एमएस युनिव्हर्सिटीच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, जुने विद्यार्थी, ऑफिस छोटंसं, दोन टेबलं आणि ड्रॉइंगच्या गुंडाळ्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो फळ्यांचा नाही की रंगाचा नाही, "उत्तरायणला तुमच्याकडे किती माणसं चढतात?" म्हणजे संक्रांतीला, पतंग उडवायला. आम्ही म्हटलं शेजारचे, नातेवाईक, मुलांचे मित्र, सगळेच. तेव्हा त्यांनी कागदावर समजावून सांगितलं, इमारतीवर किती भार धरायचा ते सांगणाऱ्या आयएस 875 या भारतीय मानकाप्रमाणे घरातल्या खोलीला चौरस मीटरला साधारण 200 किलो लोड धरतात पण बाल्कनीला कमीत कमी 300, कारण माणसं तिथे गर्दी करून कठड्यापाशी उभी राहतात. आमचा डेक पावणेसतरा चौरस मीटर, म्हणजे पाच टन, फ्रेमचं आणि फळ्यांचं वजन वेगळं. पाच टन ऐकल्यावर ते दोन पाइप आठवून अंगावर काटा आला.

हिंचक्याचा हिशोब तर त्यांनी इतका मन लावून केला की मी बघतच राहिले. चार जण बसले तर 300 किलो, पण जोरात झोका घेतला की तळाशी येताना कड्यांवर तेच वजन दीडपट, खूप उंच गेला तर दुप्पट होतं, शिवाय प्रत्येक झोक्याला खांब मागे-पुढे ढकलले जातात. म्हणून हिंचक्याचा बीम वेगळा, त्याच्या खांबांना तिरकस आधार, आणि कडी बीमला नुसती वेल्ड न करता आरपार बोल्ट आणि प्लेट घालून.

भिंतीला त्यांनी हातच लावला नाही. डेक स्वतःच्या खांबांवर उभा, घर आणि डेकमध्ये बोटभर गॅप. कारण आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, नवीन खांब वर-खाली झाले तर जुन्या भिंतीला ओढ बसायला नको. अमेरिकेत माती गोठते म्हणून फूटिंग खोल नेतात, आपल्याकडे माती फुगते म्हणून. खांबांखाली अंडर-रीम्ड पाइल दिले, म्हणजे जमिनीत खोल गेलेले, तळाशी फुगीर असे काँक्रीटचे खांब, साडेतीन मीटर खोल, 300 मिलिमीटर जाड आणि खाली 750 चा फुगा. ऑगर (माती खणायचं गिरमिट) फिरवताना आधी काळी चिकट माती येत होती, ती संपून खाली पिवळट लागली तेव्हा साहेब स्वतः खड्ड्याशी उकिडवे बसून ती बोटांनी चुरून बघत होते. ऑगस्ट 2024 च्या पुराची रेघ आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर अजून आहे, ती मोजून काँक्रीटचं पेडेस्टल (खांबाखालचा चौथरा) तिच्या वर घेतलं म्हणजे त्यावरची खांबाची लोखंडी बेसप्लेट पाण्यात बुडून गंजणार नाही. हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नसतं.

रजाचिठ्ठीचं कामही त्यांच्याचकडे दिलं. गुजरातमध्ये आता अर्ज ऑनलाइन जातो, नोंदणी असलेला इंजिनिअर आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर दोघांची जबाबदारी त्यात येते. इथे मात्र मला तक्रार आहे. ड्रॉइंगची कॉम्प्युटर फाइल ठरवून दिलेल्या लेअरमध्ये (थरांमध्ये) नव्हती म्हणून अर्ज परत आला, ते त्यांच्या ऑफिसातल्या मुलाचं काम होतं, आणि परत आल्याचं आम्हाला आम्ही फोन केल्यावरच कळलं. साहेब फोन उचलत नाहीत, मेसेजला रात्री उशिरा उत्तर येतं. काम इतकं चांगलं आणि निरोप द्यायला कोणी नाही, हे त्यांनी सुधारायलाच हवं, कारण घरात फॅब्रिकेटर रोज विचारत असतो सुरू कधी करायचं.

फी एकूण खर्चाच्या साधारण आठ टक्के पडली. माझ्या मते एक रुपया जास्त नाही, ड्रॉइंगमध्ये प्रत्येक वेल्डची लांबी, प्रत्येक बोल्टचा साइज लिहिलेला होता, त्यामुळे तीन फॅब्रिकेटरकडून एकाच गोष्टीचे भाव घेता आले आणि कोणी पातळ पाइप खपवू शकलं नाही. पाचपैकी चार स्टार देते, एक त्या निरोपांचा कापला.

जाणार असाल तर जुना मंजूर प्लॅन, बीयूचा (इमारत वापरायच्या परवानगीचा) कागद, मालकीचे कागद आणि वेराबिल म्हणजे घरपट्टीचं बिल सोबत न्या, आमचा जुना प्लॅन माळ्यावरच्या ट्रंकेत सापडेपर्यंत सगळं अडलं होतं. साइट व्हिजिट फीमध्ये किती धरल्यात ते आधी लिहून घ्या, काँक्रीट भरताना आणि वेल्डिंग तपासताना ते हजर हवेतच. आणि हिंचका, कुंड्या, पुढेमागे वर पत्रा टाकायचा विचार, जे काही असेल ते पहिल्याच भेटीत सांगा, पाइल भरल्यावर नाही.