लाइफ कोचचा फ्री कॉल आणि माझ्या नावावरचं कर्ज

८५,००० रुपये फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,००,३०० रुपये. एवढ्या पैशांत मला सहा महिने ‘वन टू वन’, म्हणजे एकटीला वेगळं, लाइफ कोचिंग (आयुष्य आणि करिअरबद्दलचं मार्गदर्शन) मिळणार होतं. मिळालं काय, तर शेकडो लोकांबरोबर झूमवर ऐकायची भाषणं, एक व्हॉट्सअॅप ग्रुप आणि एका फायनान्स कंपनीचं माझ्या नावावरचं कर्ज. या कर्जाबद्दलच मला मुख्यतः सांगायचं आहे, कारण कोच बोगस निघू शकतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, कर्जाचं मात्र फार जणांना माहीत नसतं.

मी नाशिकची. अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीमध्ये होते. सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडली. त्या गेल्यावर पुन्हा काम सुरू करायचं होतं, पण मधल्या खंडाचं काय सांगायचं, कुठल्या जागांसाठी अर्ज करायचा, काही सुचत नव्हतं. अशात फेसबुकवर ९९ रुपयांच्या मराठी वेबिनारची जाहिरात दिसली, चाळिशीनंतर नव्याने उभं राहू पाहणाऱ्या बायकांसाठी. कोचबाई बोलतात छान, हे मी आजही नाकारणार नाही. बाजूला चॅट धावत होतं: ‘अगदी माझीच गोष्ट’, ‘मॅम, डोळे पाणावले’. नंतर कधीतरी माझ्या जाऊबाईंनी तोच वेबिनार लावला तेव्हा मी शेजारी बसले होते. त्याच मिनिटाला त्याच बायकांचे डोळे पुन्हा पाणावले. लाइव्ह म्हणून रेकॉर्डिंग लावलं होतं आणि चॅटही त्यातच होतं. पडद्यावरचं उलट मोजणारं ‘ऑफर संपत आहे’ घड्याळ ब्राउझरच्या नव्या विंडोत पहिल्यापासून सुरू व्हायचं. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला ऑनलाइन विक्रीतल्या १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, त्या यादीत ही खोटी घाई पहिल्याच क्रमांकावर आहे. जाऊबाई वाचल्या. मी तोवर पैसे भरून बसले होते.

वेबिनारनंतर ‘क्लॅरिटी कॉल’ फुकट असतो. त्यावर कोच नसतात. माझ्या कॉलवर ‘ट्रान्सफॉर्मेशन स्ट्रॅटेजिस्ट’ म्हणवणारा एक मुलगा होता, वाक्यावाक्याला ‘ताई’ म्हणणारा. त्याने आधी एक प्रश्नावली भरून घेतली आणि तिचा रिपोर्ट वाचून दाखवला: तुम्ही इतरांसाठी खूप करता पण स्वतःसाठी मागत नाही, बाहेरून खंबीर दिसता पण आत शंका असते, तुमच्यातली बरीचशी क्षमता वापरलीच गेलेली नाही. अंगावर काटा आला. पुढे बॅचमधल्या एका मैत्रिणीचा रिपोर्ट पाहिला, तर त्यात फक्त नाव वेगळं होतं. बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग केला होता. सगळ्यांना एकच वर्णन ‘खास तुमचं’ म्हणून दिलं आणि ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी चारच्या वर आली. नाशिकमध्येही आली असती.

मग प्रश्न सुरू झाले. घरात कोण काय बोलतं, काय सलतं, कुणामुळे मागे राहिलात. त्याच ओघात, अगदी सहज, एफडी किती आहे, क्रेडिट कार्डाची मर्यादा किती, सोनं आहे का. समोरचा मन लावून ऐकतोय असं वाटत असताना माणूस बोलतो. फी मात्र अगदी शेवटी कळली. मी म्हटलं, मिस्टरांशी बोलून सांगते. त्यावर तो म्हणाला, “ताई, सगळे निर्णय दुसऱ्याला विचारून घेतले म्हणून मागे राहिले, हे मघाशी तुम्हीच म्हणालात ना? आणि हाही विचारूनच घेणार?”

माझंच वाक्य होतं. पैसे नाहीत म्हटलं की तो ‘मनी ब्लॉक’, विचार करते म्हटलं की ‘लिमिटिंग बिलीफ’. ग्राहकाचा नकार हेच त्याच्या दुखण्याचं लक्षण ठरवलं, की त्याला बोलायला जागाच उरत नाही. कॉलवर तुम्ही जे मनातलं सांगता ते तुम्हाला समजून घेण्यासाठी विचारलेलं नसतं. ते टिपून ठेवलं जातं आणि नेमकं फीच्या वेळी बाहेर काढलं जातं. चांगला कोच पहिल्या भेटीत तुमच्या बचतीचा आकडा विचारणार नाही, आणि घरी बोलून येते म्हटल्यावर त्याला राग येणार नाही.

आता कर्ज. “एकदम भरायची गरज नाही ताई, नो कॉस्ट ईएमआय आहे, महिन्याला साडेआठ हजारसुद्धा नाहीत.” मला वाटलं, दर महिन्याला कोचच्या कंपनीला हप्ता द्यायचा, नाही पटलं तर बंद. त्याने लिंक पाठवली, पॅन आणि आधार टाकायला सांगितलं आणि ‘व्हेरिफिकेशन’चे ओटीपी एकामागून एक टाकून घेतले. कॉल चालूच होता, त्यामुळे मेसेज पूर्ण वाचायला वेळच नाही. नंतर कळलं की एक ओटीपी केवायसीचा होता, दुसरा म्हणजे कर्जाच्या करारावर आधारवरून झालेली माझी सही, आणि तिसऱ्याने माझ्या बँक खात्यातून दरमहा हप्ता आपोआप कापून घ्यायची परवानगी गेली.

व्यवहार असा असतो: फायनान्स कंपनी संपूर्ण रक्कम, थोडी कापून, लगेच कोचच्या कंपनीला देते. कापलेला भाग म्हणजे तिचं व्याज, म्हणून तुम्हाला ‘नो कॉस्ट’. कोचच्या दृष्टीने तुम्ही पहिल्याच दिवशी पूर्ण फी भरलेली असते, त्यामुळे पुढे तुम्हाला सांभाळण्यात त्याचा काही फायदा नसतो. तुम्ही मात्र वर्षभर ज्या कंपनीचे देणेकरी, तिने तुम्हाला काहीच शिकवायचं नसतं. कोर्स बंद केला म्हणून हप्ता बंद होत नाही. खात्यात पैसे ठेवले नाहीत तर बँकेचा वेगळा दंड, फायनान्स कंपनीचा वेगळा, आणि सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग.

रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक, ज्याला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ म्हणतात, आधी द्यावं लागतं. सुरुवातीची एक ठरावीक मुदतही असते, तिच्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येतं. पण मुद्दल तर कोचकडे गेलेलं असतं. म्हणून मेसेजमध्ये कुठल्याही फायनान्स कंपनीचं नाव दिसलं तर फोन ठेवायचा आणि ते अटींचं पत्रक शांतपणे वाचायचं. फी द्यायचीच असेल तर एकेका सेशनची द्या. खरे कोच तशी घेतात.

कार्यक्रमाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ‘वन टू वन’चा अर्थ, आपल्यासारखीच पैसे भरलेली दुसरी बाई ‘अकाउंटेबिलिटी पार्टनर’ म्हणून जोडून देणे. माझी पार्टनर सांगलीची होती, गोड होती, आणि तिलाही काय करायचं ते कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात, काहीही शिकवायच्या आधी, बोनस मॉड्यूलच्या बदल्यात ‘माझं आयुष्य कसं बदललं’ असा व्हिडिओ मागितला. जाहिरातीत दिसणारे अनुभव असे तयार होतात. पुढे लेव्हल टू: तीन लाख भरा आणि स्वतःच ‘सर्टिफाइड कोच’ व्हा, शिवाय ओळखीच्या बायका आणल्या तर प्रत्येकीमागे कमिशन. चाळिशीनंतर करिअर करायला आलेल्या आम्हा सगळ्यांसाठी सुचवलेलं करिअर एकच, याच बाईंसाठी गिऱ्हाइकं आणायचं.

या सर्टिफिकेटचंही सांगते. आपल्याकडे लाइफ कोच म्हणवून घ्यायला कुठलाच परवाना लागत नाही. उद्या मीही पाटी लावू शकते. त्यातल्या त्यात विचारण्यासारखी म्हणजे १९९५ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन. तिच्या अगदी पहिल्या पायरीला, एसीसीला, किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो. तिच्या प्रमाणित कोचची नावं तिच्या संकेतस्थळावर शोधता येतात. आमच्या बाईंचं ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ त्यांच्याच गुरूंच्या कंपनीचं होतं, तीन दिवसांच्या शिबिराचं.

इथवरचं सगळं पैशांचं नुकसान म्हणून सोडून दिलं असतं. पण एका रात्रीच्या सत्रात एका मुलीने सांगितलं की तिची डिप्रेशनची औषधं चालू आहेत. तिला कोचबाईंकडून उत्तर मिळालं, “गोळ्या म्हणजे कुबड्या. माझ्याबरोबर आहेस तर फेकून दे.” शेकडो लोकांनी हृदयाचे इमोजी टाकले. अशी औषधं डॉक्टरला न विचारता अचानक बंद करणं धोक्याचं असतं, हे मी तिला वेगळा मेसेज करून कळवलं आणि तिच्या डॉक्टरांना फोन करायला लावला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नोंदणी क्रमांक विचारता येतो. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा १४४१६ वर फुकट आहे, मराठीतही बोलतात. कोचिंग आणि उपचार यांतली रेघ ज्याला दिसत नाही त्याच्याकडे एक मिनिट थांबू नये.

मी त्याच रात्री परतावा मागितला. ‘७ दिवसांची मनी बॅक गॅरंटी’ कधीच संपली होती, पण तिची अट वाचण्यासारखी आहे: पहिल्या चार मॉड्यूलचा गृहपाठ पूर्ण केलेला हवा. मॉड्यूल आठवड्याला एक उघडतं. त्यांच्या पावतीवर १५,३०० रुपये जीएसटी लावलेला, जीएसटी क्रमांक मात्र नाही. क्रमांक दिलेला असता तर तो जीएसटी पोर्टलवर टाकून चालू आहे की रद्द, हे कुणालाही पाहता येतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली. फायनान्स कंपनीला लेखी कळवलं. तीस दिवसांत धड उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवरून तक्रार करता येते, तीही केली. हप्ते मात्र भरत राहिले, आणि तुम्हालाही तसंच सांगेन. हप्ते थांबवून त्यांना फरक पडत नाही, आपलं नाव खराब होतं. हेल्पलाइनच्या तक्रारीनंतर कोचच्या कंपनीचा सूर एकदम मवाळ झाला. निम्मे पैसे परत द्यायला तयार, सोबत एक कागद: तक्रारी मागे घ्यायच्या आणि याबद्दल कुठेही बोलायचं नाही. मी सही केली नाही.

आता प्रकरण नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात आहे. त्यांच्या करारात वाद फक्त दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयात चालेल असं छापलं होतं. ते वाचून बॅचमधल्या बऱ्याच जणी गप्प बसल्या. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, चॅट, ओटीपीचे मेसेज, बँकेचं स्टेटमेंट, सगळं तारखेनिशी लावून ठेवा. ग्रुपमधून काढून टाकलं की जुन्या फाइल्स उघडत नाहीत, म्हणून भांडायच्या आधी डाउनलोड करा. एकाच कंपनीविरुद्ध अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते. सांगलीची पार्टनर आणि आणखी काही जणी त्यासाठी कागद गोळा करत आहेत. त्या बॅचमधलं कुणी हे वाचत असेल तर माझ्या अर्जाचा मसुदा मागून घ्या, नाव आणि आकडे तेवढे बदलावे लागतील.