निकाल लागला, पैसे मात्र आठ महिन्यांनी आले

ब्रिटनमध्ये नोकरी केलेल्या आणि 'तुमची जुनी पेन्शन अशी पडून का ठेवलीय?' असं ज्यांना कुणी ना कुणी विचारलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. चुकीच्या सल्ल्याच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. माझा खरा मनस्ताप तक्रार जिंकल्यानंतर सुरू झाला, आणि त्याबद्दल मला आधी कुणीच सावध केलं नव्हतं.

फसलो कसा, ते आधी सांगतो. एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी २१ वर्षं काढली. तिथली फायनल सॅलरी पेन्शन, म्हणजे पगार आणि नोकरीच्या वर्षांवर ठरणारी, मरेपर्यंत मिळणारी, पासष्टाव्या वर्षापासून वर्षाला ९,८०० पौंड, महागाईप्रमाणे वाढणारी, आणि मी गेल्यावर बायकोला निम्मी. एप्रिल २०१५ पासून पंचावन्न वर्षांपुढच्या लोकांना पेन्शनच्या फंडातले पैसे हवे तसे काढायची मोकळीक मिळाली आणि सल्लागारांना ऊत आला. २०१७ मध्ये माझ्या हाती ट्रान्सफर व्हॅल्यूचं पत्र पडलं, म्हणजे ती पेन्शन कायमची सोडली तर तिच्या बदल्यात माझ्या स्वतःच्या फंडात किती रक्कम येईल ते: २,९८,००० पौंड. माझ्या नावापुढे एवढा आकडा मी जन्मात पाहिला नव्हता.

३०,००० पौंडांच्या वरची अशी पेन्शन हलवायची तर अधिकृत सल्लागाराचा सल्ला घ्यावाच लागतो, असा कायदा आहे. मला वाटलं, कायद्यानेच पाठवलाय म्हणजे हा माणूस आपल्या बाजूचा. त्याला फी मिळणार होती ती मात्र मी पेन्शन हलवली तरच. (ही पद्धत एफसीएने, म्हणजे तिथल्या वित्तीय नियामकाने, १ ऑक्टोबर २०२० पासून बहुतेक सगळ्यांसाठी बंद केली. मला त्याचा काय उपयोग!)

तो घरी आला तेव्हा बायकोने एकच प्रश्न विचारला. "अहो, पण तुमच्यामागे मला दरमहा किती येणार?" मी त्याच्याकडे पाहिलं. तो हसून म्हणाला, "दरमहा कशाला, सगळी रक्कमच तुमची." रक्कम संपल्यावर काय, हे तिने विचारलं नाही, मीही नाही. मग त्याने मला एक कोरा कागद दिला आणि मजकूर सांगितला. पेन्शन हलवू नये असा सल्ला मला दिलेला आहे, तरीही मी स्वतःच्या मर्जीने हलवतोय, धोका मला समजलेला आहे. माझ्याच अक्षरात, खाली सही. "फक्त फायलीसाठी," म्हणाला. असा कागद कुणी लिहून मागितला, तर पेन खाली ठेवा आणि त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मार्च २०२० मध्ये बाजार कोसळला तेव्हा मी त्याला फोन करून विचारलं, की आता मला वर्षाला किती मिळतील? "ते बाजारावर अवलंबून आहे." तीन वर्षांत पहिल्यांदा तो खरं बोलला. पुढे ब्रिटिश स्टीलच्या कामगारांबद्दल वाचनात आलं. २०१७ च्या सुमारास सुमारे ८,००० जणांनी तिथली पेन्शन सोडली होती आणि त्यातल्या पुष्कळांना दिलेला सल्ला चुकीचा ठरला होता. त्यांच्या हकिकती वाचताना आमच्या घरातलं संभाषण ऐकतोय असं वाटलं.

तक्रारीचा प्रवास लांबलचक असला तरी अवघड नाही. आधी सल्लागाराच्या फर्मकडे लेखी तक्रार. उत्तराला त्यांना आठ आठवडे मिळतात. नकार आला, की त्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या कार्यालयाकडे जायचं. एक पैसा लागत नाही, वकील लागत नाही. फर्मने अर्थातच तो माझ्या अक्षरातला कागद पुढे केला. ओम्बड्समनने विचारलं, की ज्या माणसाने आयुष्यात कधी गुंतवणूक केली नाही, त्याला अशी भाषा सुचेल का? फेब्रुवारी २०२२ मध्ये अंतिम निकाल माझ्या बाजूने लागला. सोबत स्वीकृतीचा फॉर्म होता, त्यावर शेवटची तारीख. तो मुदतीत परत गेला नाही तर निकाल नाकारला असं धरतात आणि फर्म त्या निकालातून मोकळी. मी त्याच दिवशी पाठवला, आणि बायकोने बेसनाचे लाडू वळले.

इथे आम्ही घाई केली.

निकालात रक्कम नसते, रक्कम काढायची रीत असते. जुनी पेन्शन तशीच राहिली असती तर तिची आजची किंमत काय, आणि माझ्याकडे आता फंडात किती आहे, या दोन आकड्यांतली तफावत म्हणजे नुकसान. हा हिशोब कोण करणार? ज्याने बुडवलं तोच. स्वीकृती कळल्यापासून ९० दिवसांत पैसे द्यायचे, त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला वार्षिक ८ टक्के साधं व्याज, असं निकालात लिहिलं होतं.

मे संपला, ९० दिवस संपले. मेल केली की उत्तर ठरलेलं: तुमच्या जुन्या पेन्शन योजनेकडून माहिती यायची आहे. मी तेवढ्यावर गप्प बसलो होतो. एक दिवस बायको म्हणाली, "तुम्हीच विचारा की तिकडे." फोन केला. पलीकडच्या बाईंनी कॉम्प्युटरवर पाहिलं आणि सांगितलं, की फर्मचं पत्र आमच्याकडे १४ जूनला आलंय. म्हणजे ज्या माहितीची वाट पाहतोय असं ते मला मे महिन्यात सांगत होते, ती त्यांनी तोवर मागितलीच नव्हती! मी त्यांच्याकडून ती तारीख मेलवर लिहून घेतली. अख्ख्या प्रकरणात माझ्या सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला कागद तोच.

जुलैच्या अखेरीस हिशोब आला: नुकसान ५१,२०० पौंड. सोबत एक सही करायचं पत्र, की हे मान्य आहे आणि यापुढे कसलाही दावा करणार नाही. पंचावन्न वर्षांचा असतो तर केली असती सही. पण एकदा हात पोळले होते. निकाल काढून ओळ न् ओळ वाचला, आणि एका वाक्यावर बोट थांबलं: हिशोब अंतिम निकालाच्या तारखेचा, त्या तारखेला लागू असलेली गृहीतकं वापरून करायचा. फर्मने धरली होती १ जुलै.

यात काय एवढं? तर २०२२ मध्ये व्याजदर चढत होते. सरकारी रोख्यांवरचा, म्हणजे गिल्टवरचा परतावा वाढला, की आयुष्यभराच्या पेन्शनची 'आजची किंमत' कमी होते. कारण तेवढं उत्पन्न उभं करायला आज कमी पैसे पुरतात. म्हणजे फर्म जितका उशीर करेल, तितकी तिची देणी हलकी होत होती. त्या सप्टेंबरात सरकारच्या मिनी-बजेटनंतर गिल्टवरच्या परताव्याने जी उसळी घेतली, ती आठवली की अजून पोटात गोळा येतो. तारीख तिथवर सरकू दिली असती तर माझं 'नुकसान' कागदावर कितीसं उरलं असतं कुणास ठाऊक.

हे मी ओम्बड्समनच्या कार्यालयाला लिहिलं, सोबत १४ जूनची मेल जोडली. त्यांनी फर्मला खडसावलं. पण हेही ओळखून असा, की ओम्बड्समन वसुली करत नाही. स्वीकारलेला निकाल कोर्टामार्फत अमलात आणता येतो, पण अर्ज आपण करायचा असतो. मी फर्मला चार ओळींचं पत्र टाकलं: अमुक तारखेपर्यंत पैसे आले नाहीत तर कौंटी कोर्टात अर्ज करीन. तोवर 'आमच्या विमा कंपनीची परवानगी यायची आहे' म्हणणारे लोक आठवड्याभरात नवा हिशोब घेऊन आले. आता नुकसान ६८,७०० पौंड. तारीख बदलल्याबरोबर १७,५०० पौंड वर!

त्यातही एक खोच होतीच. भरपाई पेन्शन फंडात भरता येत नसेल तर रोख देतात, आणि पेन्शन म्हणून मिळाली असती तर जो कर लागला असता तो वजा करतात. चौथा भाग करमुक्त, उरलेल्या तीन भागांवर माझा २० टक्के कर, म्हणजे एकूण १५ टक्के. त्यांनी सरसकट २० टक्के कापले होते. ३,४३५ पौंडांची चूक, आणि ती कधीच ग्राहकाच्या फायद्याची कशी होत नाही!

मधल्या काळात फोनही बरेच आले. एका क्लेम कंपनीने 'आमच्यामार्फत लवकर मिळवून देतो' म्हणत भरपाईतला मोठा हिस्सा मागितला. निकाल लागलेला असताना! दुसऱ्याने तर आपण एफएससीएसकडून, म्हणजे बुडालेल्या फर्मच्या ग्राहकांना भरपाई देणाऱ्या योजनेकडून बोलतोय असं सांगितलं, रक्कम मोकळी करायला आधी ४०० पौंड भरा म्हणाला. मी फोन ठेवला. ओम्बड्समन किंवा एफएससीएस तुमच्याकडून पैसे घेत नाहीत, ना आधी ना नंतर. एफएससीएसची गाठ पडते ती फर्म बुडाली तर, आणि १ एप्रिल २०१९ नंतर बुडालेल्या फर्मसाठी त्यांची मर्यादा माणशी ८५,००० पौंड आहे. माझी रक्कम तिच्या आत होती, एवढ्या एका गोष्टीवर मी रात्री झोपत होतो.

ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी, १५ टक्केच कापून, ५८,३९५ पौंड खात्यात जमा झाले. पत्र नाही, फोन नाही. व्याजाचं तर नावच नाही. मुदत उलटून १५१ दिवस झाले होते, दिवसाला १२ पौंड ८० पेन्स. मी वहीत गुणाकार करून वहीच्या पानाचा फोटोच पाठवला. तीन आठवड्यांनी १,९३३ पौंडांचं व्याज आलं, २० टक्के कर कापून. कर कापल्याचा दाखला मागून घेतला आणि महसूल खात्याला कर परत मागायचा आर४० फॉर्म भरून दिला. त्यातले काही पौंड परत आले. त्यासाठी मात्र कुणाला दुसरं पत्र लिहावं लागलं नाही.