सौर झटका मशीन: डुक्कर अडते, वाघही वाचतो

चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या जंगलकाठच्या शेतात रानडुकरे एका रात्रीत धान लोळवून टाकतात. मग कुणी वीजवाहिनीवर आकडा टाकून धुऱ्यावर (बांधावर) जिवंत तार सोडतो. अशाच तारेने एप्रिल २०१७ मध्ये नागभीडकडे ‘जय’ वाघाचा बछडा, ऐन तारुण्यातला श्रीनिवास, गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्धा जिल्ह्यात एक वाघीण गेली. दोघांच्याही गळ्यात रेडिओ कॉलर (माग काढण्याचा पट्टा) होती. माणसेही या तारेला चिकटून मरतात.

घरगुती वीज २३० व्होल्टची, पण सलग वाहते. स्नायू आखडतात आणि जनावर तारेपासून सुटत नाही. सौर पॅनेलवर भरणाऱ्या बॅटरीचे झटका मशीन कुंपणाच्या तारेत हजारो व्होल्ट देते, तेही सेकंदाला साधारण एकदा आणि क्षणभरच. जनावर दचकून मागे सरते, जिवंत राहते.

मशीनबद्दल तक्रारी येतात त्या बहुतेक अर्थिंगच्या. एक खिळा ठोकून भागत नाही. जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) तीन सळ्या, पाच-सहा फूट खोल, दहा-दहा फुटांवर, ओलाव्याच्या जागी गाडाव्यात आणि उन्हाळ्यात तिथे पाणी ओतावे. डुकरासाठी खालची क्लच वायर (कुंपणाची बारीक तार) जमिनीपासून सहा ते आठ इंचांवर हवी. त्याहून वर गेली की डुक्कर खालून घुसते. रोही (नीलगाय) येत असतील तर वरची तार पाच फुटांपर्यंत न्यावी लागते. पावसाळ्यात गवत खालच्या तारेला टेकते, झटका जमिनीत उतरतो आणि लोक म्हणतात मशीन बिघडले. कुंपणाच्या शेवटच्या टोकाला मीटर लावून पाहा: पाच हजार व्होल्टच्या वर असेल तर उत्तम, तीन हजारांखाली डुक्कर जुमानत नाही.

बॅटरी उतरली म्हणून घरची वीज तारेला जोडणे म्हणजे पुन्हा तोच फास. चार्जरवर लावण्याआधी मशीन कुंपणापासून सोडवावे.

आमचे एक आग्रहाचे मत: प्रत्येकाने आपापले शेत वेढावे, पण नाले मोकळे ठेवावेत. जंगलाच्या एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना वाघ नाल्याच्या आडोशाने चालतो. सलग कुंपणाने ती वाट बुजते. आणि तुमच्या शेतातून हटलेले डुक्कर शेजाऱ्याकडे वळते, म्हणून धुऱ्याला धुरा लागलेल्यांनी एकाच हंगामात मशीन बसवावे.

श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळते, वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. संचात मीटर नसेल तर तो वेगळा घ्याच.