बेळगावात बसून बाहेरच्या युनिव्हर्सिटीचं बी.टेक.? पैसे भरायच्या आधी हे वाचा

माझ्या भाच्याची गोष्ट, खानापूर तालुक्यातला पोरगा, सेकंड पीयू (कर्नाटकची बारावी) सायन्स पास, केसीईटीचा, म्हणजे कर्नाटकच्या सीईटीचा, रँक मागे गेला आणि कॉम्प्युटर सायन्सशिवाय दुसरं काही नको म्हणून हट्ट. टिळकवाडीत एक ॲडमिशनवाला आहे, नाव इथं लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे. तो दाजींना म्हणाला, "केईएच्या (कर्नाटकची सरकारी परीक्षा-प्रवेश संस्था) कौन्सेलिंगात कॉम्प्युटर मिळत नाही, काळजी करू नकासा, परराज्यातल्या मोठ्या युनिव्हर्सिटीचं बी.टेक. आहे, क्लास इथंच शनिवार-रविवार, परीक्षेला तेवढं जायचं." उसाचं बिल नुकतंच जमा झालेलं, त्यातले ऐंशी हजार दाजींनी भरले आणि वर दहावी-पीयूची ओरिजिनल मार्क्स कार्डंही त्याने ठेवून घेतली.

ती पावती मी नंतर बघितली. युनिव्हर्सिटीचं नावच नाही, कुठल्यातरी ट्रस्टचा शिक्का आणि खाली बारीक अक्षरात 'कन्सल्टन्सी चार्जेस, नॉन रिफंडेबल'. म्हणजे कागदावर ती फी नव्हतीच! आयडी कार्डावर युनिव्हर्सिटीचा लोगो होता पण फुटलेला, मोबाईलवरून काढून छापल्यासारखा, आणि रजिस्ट्रेशन नंबरची जागा कोरी. परीक्षेचा फॉर्म येईना म्हणून युनिव्हर्सिटीला फोन लावला, तर या नावाचा मुलगाच त्यांच्याकडे नाही आणि बेळगावात सेंटरही नाही.

असलं सेंटर असूच शकत नाही. एखाद्या राज्याच्या कायद्याने झालेली प्रायव्हेट युनिव्हर्सिटी दुसऱ्या राज्यात सेंटर काढू शकत नाही, फ्रँचायझी तर नाहीच. आणि इंजिनिअरिंगची डिग्री डिस्टन्सने चालत नाही, 2017 ला सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. युजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) बोगस विद्यापीठांची यादी वेबसाइटवर टाकते, त्यात आपल्याच जिल्ह्यातल्या गोकाकचा पत्ता कितीतरी वर्षं होता, म्हणजे हे काही लांबचं नाही. कॉलेज व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ) आहे म्हणून कोणी सांगितलं तरी तोंडी ऐकू नका, व्हीटीयूचं मुख्यालयच आपल्या बेळगावात ज्ञानसंगमला आहे, संलग्न कॉलेजांची यादी बघा नाहीतर तिथं जाऊन विचारा.

मला जास्त राग याचा येतो की पोराला दुसरा रस्ता होता आणि तो कोणी सांगितलाच नाही. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग कॅपमध्ये (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी 'टाइप ई' आहे, दहावी-बारावी इथल्या शाळेतून आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो, महाराष्ट्राची सीईटी, एमएचटी-सीईटी, मात्र द्यावी लागते. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या आपल्या ८६५ गावांत ही माहिती किती घरांत आहे? एजंट का सांगेल, त्यात त्याला कमिशन नाही.

मार्क्स कार्डं पोलिसात अर्ज दिल्यावर परत मिळाली. कुठल्याही कॉलेजला ओरिजिनल अडवून ठेवता येत नाहीत, युजीसीचा नियमच आहे, मग या एजंटला कुठला अधिकार? पैशातला एक रुपया अजून आलेला नाही. पोराचं वर्ष गेलं, आता तो घरी बसून पुन्हा केसीईटी आणि एमएचटी-सीईटी दोन्हींचा अभ्यास करतोय.

टिळकवाडीतल्या त्याच ऑफिसात आणखी कोणी पैसे भरले असतील तर पावती, ते आयडी कार्ड आणि व्हॉट्सॲपचे मेसेज काही डिलीट करू नका आणि मला कळवा. एकेकट्याने अर्ज दिला की पोलीस उद्या या म्हणून फिरवतात, सगळे मिळून पोलीस स्टेशनला जाऊ.