ईबर्ड अ‍ॅप: चार हिवाळे कुरव मोजल्यावर

मालवणजवळ तोंडवळी-तळाशीलची पुळण आहे ना, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी, तिथे मी गेले चार हिवाळे कुरव मोजतेय. कुरव म्हणजे आपले सीगल. पहिल्या वर्षी वहीत लिहायचे, मग पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं ईबर्ड घेतलं, आणि आता वही फक्त चित्रं काढायला उरलीय. अ‍ॅप फुकट आहे, जाहिराती नाहीत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने आणि तिथल्याच ऑडुबॉन या पक्षीसंस्थेने हे 2002 मध्ये सुरू केलं, आपल्याकडे बर्ड काउंट इंडियावाले त्याचं काम बघतात. पक्ष्यांची नावं मराठीत दिसायची सोय पण आहे.

वापर एकदम सोपा, यादी सुरू करायची, किती चाललो किती वेळ थांबलो ते जीपीएस लिहितं, आपण पक्षी आणि आकडा टाकायचा. आकड्याच्या जागी नुसता एक्स टाकला तरी चालतं पण प्लीज तसं करू नका, थव्यातले दहा मोजा, तेवढा तुकडा डोळ्यात धरा आणि असे किती तुकडे बसतात ते बघा, अंदाज बरा येतो. शेवटी अ‍ॅप विचारतं की ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का. याचं उत्तर खरं द्यायचं, कारण कुठला पक्षी कुठल्या महिन्यात किती दिसतो ते दाखवणारे आलेखाचे जे पट्टे दिसतात ते या पूर्ण याद्यांवरूनच काढतात. म्हणजे ज्या दिवशी एकही कुरव दिसला नाही त्या दिवसाची यादीही तेवढीच कामाची. मला हे कळायला एक पूर्ण सीझन गेला, तोपर्यंत रिकाम्या दिवशी मी काही न टाकता घरी यायचे, आता वाईट वाटतं.

मला सगळ्यात आवडतो तो ईबर्डच्या वेबसाइटवरचा नकाशा. ब्राउन-हेडेड गल ही कुरवाची जात निवडा, महिना डिसेंबर ठेवा, अख्खी कोकणपट्टी भरलेली दिसते. मग जून करा. किनारा जवळजवळ रिकामा आणि ठिपके वर लडाखमध्ये, त्सो मोरीरी, त्सो कार, पँगाँगकडे! आपल्याकडे किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या जाळ्याभोवती घिरट्या घालणारा पक्षी घरटं करतो बर्फाळ डोंगरातल्या तलावावर, हे पुस्तकात वाचलेलं होतं पण बोटाने महिना बदलून बघितलं तेव्हा मी खरंच थोडा वेळ गप्प बसले. नकाशात राखाडी चौकोन दिसला तर लोक तिथे गेले पण हा पक्षी नोंदवला नाही, आणि चौकोनच नसेल तर तिथून यादीच आलेली नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवर सुरय, म्हणजे टर्न, वीण करतात हे अभ्यासकांना खूप आधीपासून माहितीय, पण पावसात खवळलेल्या समुद्रात होडी कोण घालणार, त्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. त्यामुळे तिथली पावसाळ्यातली रिकामी जागा बघून पक्षी नाहीत असं कोणी म्हणू नये.

घरटं दिसलं तर त्यासाठी वेगळे कोड आहेत, अंडी, पिल्लं, चोचीत खाऊ नेताना असं सगळं. इथे मात्र जपून. काही संवेदनशील जातींच्या जागा ईबर्ड स्वतःच लपवतं, बाकीच्यांचं आपल्या हातात, यादी लोकांना न दिसेल अशी ठेवता येते, मी घरट्याच्या बाबतीत तसंच करते. मागच्या वर्षी एका बोटवाल्याने पर्यटकांना शेव-गाठ्या देऊन कुरवांना खायला घालायला लावलं आणि मग फोटोसाठी बसलेल्या थव्यात बोट घातली, सगळे उडाले, माझी मोजणी गेली ते सोडा, पण लांबून आलेल्या पक्ष्याला जरा बसू द्या ना.

ओळख पटवायला अ‍ॅपवर विसंबू नका. हिवाळ्यात ब्राउन-हेडेडचं डोकं ब्राउन नसतंच, कानामागे नुसता काळसर डाग, ब्लॅक-हेडेडचंही तेच. पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके आणि फिकट डोळा दिसला तर ब्राउन-हेडेड. दिसलं नाही तर सरळ नुसता गल लिहा, तशी सोय आहे. आकडा नेहमीपेक्षा फार मोठा टाकलात तर नोंद तपासायला जाते आणि तपासणारे स्वयंसेवक विचारतात, राग मानू नका, फोटो असेल तर द्या.

अर्धा स्टार कापतेय तो बॅटरीसाठी, जीपीएस दोन-तीन तास चालू राहिलं की फोन उतरतो, पॉवर बँक न्याच. पाचपैकी साडेचार. आणि घरून निघायच्या आधी आपल्या भागातल्या पक्ष्यांचा पॅक डाउनलोड करा, मग नेट नसलं तरी यादी होते, घरी येऊन पाठवायची. ओहोटीला जा, पुळण उघडी पडते तेव्हा सगळे एकत्र बसलेले असतात. रापणीतले काका आता लांबूनच हाक मारतात, "काय गो, परत मोजूक इलंस?" आणि आज थवा कुठल्या टोकाला बसलाय ते अ‍ॅपच्या आधी तेच सांगतात.