वादग्रस्त पंथांना करमाफी: श्रद्धा तपासायची, वही तपासायची की वागणूक?

आमच्या गावच्या देवळाची दानपेटी दर तीन महिन्यांनी उघडते. सभामंडपात सतरंजी अंथरायची, दोन विश्वस्त, पुजारी आणि गावातले चार-पाच जण गोल करून बसायचे. कुंकू लागलेल्या दहाच्या नोटा, ओल्या होऊन एकमेकींना चिकटलेल्या विसाच्या, परातभर चिल्लर, नवसाचे चांदीचे डोळे. सगळं वेगळं करून मोजायचं, पंचनाम्यावर सह्या घ्यायच्या आणि त्याच दिवशी बँकेत भरणा करायचा. गेली अकरा वर्षं ती वही मी लिहितो. या पैशावर सरकार कर घेत नाही, आणि ते बरोबरच वाटतं. पैसा कुणा एकाचा नाही, कुणाच्या घरी जात नाही, आणि त्याचा हिशेब कुणीही येऊन पाहू शकतो.

याच वर्षांत माझ्या मावशीने एका पंथाच्या नादाने दोन पाटल्या मोडल्या. पावती मागितली तर ‘गुरूंकडे पावती मागतात का?’ असं उत्तर आलं. तो पंथही रीतसर नोंदलेला आहे, करमाफी त्यालाही आहे. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही: लोकांना लुबाडल्याचे, घरं तोडल्याचे आरोप ज्यांच्यावर आहेत, अशा पंथांना ही माफी द्यावी का? वेगवेगळ्या देशांनी याची वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. तुम्हाला आपलं मत ठरवायचं असेल तर ती शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवीत.

त्याआधी एक फोड करून घेऊ, कारण चर्चेत इथेच घोळ होतो. करमाफी दोन प्रकारची असते. एकात संस्थेच्या उत्पन्नावर कर नसतो. दुसऱ्यात देणगी देणाऱ्याला स्वतःच्या करात वजावट मिळते. पहिली म्हणजे ‘आम्ही तुमच्या पैशाला हात लावत नाही’. दुसरी म्हणजे तुमच्या दानातला काही वाटा बाकीच्या करदात्यांनी उचलायचा. माझ्या मते या दोन्हींना एकच कसोटी लावणं चूक आहे.

अमेरिका: श्रद्धेत नाक खुपसायचं नाही

अमेरिकेत चर्चला करमाफीसाठी अर्जसुद्धा करावा लागत नाही आणि इतर धर्मादाय संस्थांसारखं वार्षिक विवरणपत्रही भरावं लागत नाही. चर्चची तपासणी करायची तर १९८४ च्या कायद्याप्रमाणे वरिष्ठ अधिकाऱ्याने आधी लेखी कारण नोंदवावं लागतं. सरकार आणि धर्म वेगळे ठेवायचे, तर कुठला धर्म खरा हे कर अधिकाऱ्याने ठरवू नये, असा त्यामागचा विचार आहे. विचार चांगला आहे. तो कुठे अडतो हे पाहायचं तर सायंटॉलॉजीचं प्रकरण मुळापासून पाहावं लागतं.

एल. रॉन हबर्ड यांच्या या पंथात ‘ऑडिटिंग’ नावाची आध्यात्मिक समुपदेशनाची सत्रं असतात आणि त्यांचे ठरलेले दर असतात. पुढच्या पायरीवर जायचं तर पुढचे पैसे. कॅलिफोर्नियातल्या मूळ संस्थेला १९५७ मध्ये करमाफी मिळाली आणि १९६७ मध्ये ती काढून घेतली गेली. संस्थेचा पैसा संस्थापकाच्या फायद्यासाठी वापरला जातो, हे मुख्य कारण होतं, आणि १९८४ मध्ये कर न्यायालयाने ते उचलून धरलं. दरम्यान पंथाच्या लोकांनी सरकारी कार्यालयांत घुसून कागदपत्रं चोरली होती. त्या प्रकरणात हबर्ड यांच्या पत्नीसह अकरा जण दोषी ठरले. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ठरलेला दर देऊन घेतलेलं सत्र म्हणजे दान नव्हे, त्यामुळे देणाऱ्याला वजावट नाही.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. मग १ ऑक्टोबर १९९३ ला त्याच कर खात्याने सायंटॉलॉजीला आणि तिच्या संलग्न संस्थांना करमाफी दिली. पंथ आणि त्याच्या सदस्यांनी खात्यावर आणि अधिकाऱ्यांवर दोन हजारांच्या वर दावे गुदरले होते. तडजोडीत पंथाने १ कोटी २५ लाख डॉलर भरले, दावे मागे घेतले आणि सदस्यांना सत्रांच्या पैशावर वजावटही मिळाली. तडजोडीच्या अटी गुप्त होत्या. त्या १९९७ च्या अखेरीस वर्तमानपत्रातून लोकांना कळल्या. पुढे एका ज्यू दाम्पत्याने मुलांच्या धार्मिक शिक्षणाच्या फीवर तशीच वजावट मागितली, तेव्हा न्यायालयाने ती नाकारली.

अमेरिकन पद्धतीवरचा माझा आक्षेप इथे आहे. श्रद्धा तपासायची नाही हे मान्य. पण वहीही तपासायची नसेल, तर शेवटी ज्याच्याकडे वकील जास्त त्याला माफी मिळते.

तरी अमेरिकेने एक रेघ ठामपणे ओढली आहे. साउथ कॅरोलायनातलं बॉब जोन्स विद्यापीठ बायबलचा आधार देऊन गोऱ्या आणि काळ्या विद्यार्थ्यांना एकमेकांशी प्रेमसंबंध ठेवायला मनाई करत असे. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी त्याची करमाफी गेल्याचं योग्य ठरवलं. तुमची श्रद्धा तुमच्यापाशी, पण वंशभेदाला जनतेच्या पैशाचा टेकू नाही. विद्यापीठाने तो नियम २००० साली सोडला.

ऑस्ट्रेलियाचं उत्तर अमेरिकेच्याच वाटेवरचं, म्हणून थोडक्यात सांगतो. व्हिक्टोरिया राज्याने १९६५ मध्ये सायंटॉलॉजीवर बंदी आणली होती. १९८३ मध्ये देशाच्या उच्च न्यायालयाने तिला धर्म मानून त्याच राज्याच्या पगारावरच्या करातून सूट दिली. धर्माची व्याख्या तिथे रुंद ठेवली: अलौकिकावर विश्वास आणि त्यानुसार आचरण. चांगला-वाईट हा प्रश्नच आणला नाही.

ब्रिटन: तुमचा लोकांना उपयोग काय?

ब्रिटनमध्ये धर्म असणं पुरेसं नाही, सार्वजनिक हित दाखवावं लागतं. १९९९ मध्ये तिथल्या धर्मादाय आयोगाने सायंटॉलॉजीची नोंदणी नाकारली. ऑडिटिंग हा खाजगी मामला आहे, त्यातून समाजाचं भलं होतं असं दिसत नाही, हे त्यातलं एक कारण होतं. पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका तरुणीच्या लग्नाच्या अर्जावर निकाल देताना सायंटॉलॉजीला धर्म मानलं आणि त्यांच्या लंडनमधल्या जागेत लग्न लावायला परवानगी दिली. धर्म म्हणून मान्यता एकीकडे आणि धर्मादाय संस्थेच्या सवलती दुसरीकडे, अशी ही विभागणी आहे. मला ती अतिशय समंजस वाटते.

पण ब्रिटनकडून खरं शिकण्यासारखं प्रकरण दुसरंच आहे. प्लिमथ ब्रेद्रेन हा ख्रिस्ती पंथ बाहेरच्या जगापासून फटकून राहतो. पंथ सोडलेल्यांना वाळीत टाकतात, घरच्यांनीही त्यांच्याबरोबर जेवायला बसू नये अशी रीत, अशा तक्रारी होत्या. त्यांच्या प्रेस्टन डाउन ट्रस्ट या मंडळाची नोंदणी आयोगाने २०१२ मध्ये नाकारली. मोठा गदारोळ झाला, खासदार पंथाच्या बाजूने उभे राहिले. आयोगाने पुन्हा खोलात जाऊन चौकशी केली. पंथाच्या काही रीतींमुळे लोकांना हानी होते असं आयोगाला आढळलं, आणि तरीही जानेवारी २०१४ मध्ये नोंदणी दिली गेली. कारण मधल्या काळात ट्रस्टने आपल्या घटनेत बदल केला होता: सोडून जाणाऱ्यांशी करुणेने वागू, कुटुंबांचे संबंध तुटू देणार नाही, असं कायद्याने बांधील ठरेल अशा शब्दांत लिहून दिलं होतं.

कागदावर लिहिलं म्हणजे घराघरात तसं वागतीलच असं नाही. पण नोंदणी नाकारल्यामुळे एका बंदिस्त पंथाला आपल्या सर्वांत दुखऱ्या रीतीबद्दल बोलावं लागलं, शब्द द्यावा लागला. वाळीत टाकणं म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. जातपंचायतींचा हा जाच थांबवायला आपल्या राज्याला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला.

जपान: आधी सगळ्यांना द्यायचं, मग न्यायालयातून काढायचं

जपानमध्ये नोंदणी झालेल्या धार्मिक संस्थेला सवलती मिळतात आणि सरकार नंतर सहसा तिकडे बघत नाही. ओम शिनरिक्योला १९८९ मध्ये अशीच मान्यता मिळाली. मार्च १९९५ मध्ये त्या पंथाने टोकियोच्या मेट्रोत सरिन हा विषारी वायू सोडला, त्यानंतर मान्यता गेली. त्याच वर्षी कायदा बदलून सरकारला धार्मिक संस्थांकडे खुलासा मागण्याचा अधिकार दिला गेला. तो अधिकार पहिल्यांदा वापरला गेला नोव्हेंबर २०२२ मध्ये.

मधल्या वर्षांत युनिफिकेशन चर्च या पंथाचे लोक घरोघर जाऊन सांगत होते की तुमच्या पूर्वजांची पापं तुमच्या कुटुंबाला भोवतायत, त्यावर उतारा म्हणून हे भांडं घ्या, हा शिक्का घ्या. पितृदोषाच्या नावाने पैसे उकळताना आपण पाहतो तोच हा प्रकार. पीडितांचे वकील १९८७ पासून संघटित होऊन इशारे देत होते. जुलै २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली. आईने आपलं सगळं या चर्चला दिलं आणि घर बुडालं, असं मारेकऱ्याने सांगितलं, तेव्हा कुठे देश हलला. २५ मार्च २०२५ ला टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने संस्था विसर्जित करण्याचा आदेश दिला. न्यायालयाच्या हिशेबाने सुमारे १,५०० लोकांचं मिळून सुमारे २,०४० कोटी येनचं नुकसान झालं होतं. विसर्जन म्हणजे बंदी नव्हे. प्रार्थना करा, एकत्र या, फक्त कायदेशीर संस्थेचा दर्जा आणि करसवलत नाही.

निर्णय न्यायालयात, पुरावे पाहून होतो, ही या पद्धतीची जमेची बाजू. पण १९८७ ते २०२२ हा काळ मोजा. तेवढ्यात एक पिढी मोठी होते.

आपल्याकडे: वही चोख हवी

भारतात आयकर खातं श्रद्धेबद्दल जवळजवळ काहीच विचारत नाही. १९६१ च्या कायद्याने घातलेली चौकट नोंदणी, ऑडिट आणि खर्चाची आहे: उत्पन्नाचे ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च व्हावेत, विश्वस्तांच्या किंवा त्यांच्या नातेवाइकांच्या फायद्याला पैसा जाऊ नये. महाराष्ट्रात वर धर्मादाय आयुक्त आहेतच. विश्वस्त बदलला की बदल अर्ज, वर्षाला हिशेबपत्रकं. आणि मी वर केलेली फोड आपल्या कायद्यात आधीपासून आहे: निव्वळ धार्मिक संस्थेच्या उत्पन्नाला माफी, पण देणाऱ्याला वजावट (१९६१ च्या कायद्यात कलम ८०जी) मुख्यतः धर्मादाय कामासाठी. पुरातन मंदिरांच्या दुरुस्तीसारखे अपवाद सोडले तर पूजाअर्चेच्या दानावर ती नाही. ही बाब अमेरिकेपेक्षा आपल्याकडे सरस आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

कच्चा दुवा दानपेटीत आहे. धर्मादाय संस्थेच्या निनावी देणग्यांवर ३० टक्के कर लागतो, निव्वळ धार्मिक संस्थेला तो नाही. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या बाबतीत आयकर खात्याने हा कर मागितला होता. संस्थान धार्मिकही आहे आणि धर्मादायही, म्हणून सूट मिळते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिला. देवळाच्या पेटीत नाव लिहून पैसे कोणी टाकत नाही, हे मी सतरंजीवर बसून दर वेळी पाहतो, त्यामुळे निकाल मला पटतो. पण तीच सूट एखाद्या बंद दारामागच्या आश्रमालाही मिळते, जिथे पेटी कोण उघडतो हे गावाला माहीत नसतं.

दुसरी उणीव म्हणजे वही चोख असली की पुढे कुणी विचारत नाही. आणि नावडत्या पंथावर कराचा बडगा उगारला तर काय होतं, तेही पुण्याने पाहिलं आहे. जनता सरकारच्या काळात रजनीश आश्रमाची करसवलत मागच्या तारखेपासून काढून घेण्यात आली. १९८१ मध्ये रजनीश अमेरिकेला गेले, आणि १९८४ मध्ये ओरेगॉनमध्ये त्यांच्या अनुयायांनी हॉटेलांतल्या सॅलडमध्ये जंतू मिसळून ७५१ लोकांना आजारी पाडलं. त्या गुन्ह्याला शिक्षा झाली ती फौजदारी कायद्याने. त्यात कराचा काही उपयोग नव्हता.

कुठलं निवडायचं

उद्या आपल्या विरोधातलं सरकार आलं तर ते आपल्याच देवळाला ‘वादग्रस्त’ ठरवेल, ही भीती तुम्हाला सर्वांत मोठी वाटत असेल, तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाची वाट तुम्हाला जवळची वाटेल. ती भीती खोटी नाही. फ्रान्सने यहोवाच्या साक्षीदारांच्या देणग्यांवर ६० टक्के कर लावला होता, आणि तो धर्मस्वातंत्र्यावरचा घाला आहे असं युरोपीय मानवाधिकार न्यायालयाला २०११ मध्ये सांगावं लागलं. पुरावा न्यायालयात सिद्ध झाल्याशिवाय कुणाचं काही काढू नये असं वाटत असेल तर जपान, पण मग उशिराची किंमत कोणत्या घरांनी मोजायची हेही सांगावं लागेल.

माझा कौल ब्रिटनच्या अटी आणि आपली वही एकत्र करण्याला आहे. ‘वादग्रस्त’ हा शब्द कायद्यात कुठेही नसावा. संस्थेच्या उत्पन्नावरची माफी सगळ्यांना सारखी, पण हिशेब जाहीर असावेत, ठरावीक रकमेच्या वर प्रत्येक देणगीला पावती सक्तीची असावी, आणि सोडून जाणाऱ्याला वाळीत टाकणार नाही, त्याचं येणं अडवणार नाही, हे घटनेत लिहून दिलेलं असावं. देणाऱ्याची वजावट मात्र ज्याचा उपयोग पंथाबाहेरच्या माणसालाही होतो अशाच कामाला. आपला जादूटोणाविरोधी कायदाही याच वाटेने जातो: देव मानू नका असं तो म्हणत नाही, अमुक कृत्य केलंत तर गुन्हा, असं म्हणतो.

अटी आधीच घालण्यावर माझा भर आहे तो मावशीमुळे. जपानसारखी वाट धरायची तर कुणीतरी तक्रार करायला हवी, आणि मावशी तक्रार करणार नाही. तिचा अजून विश्वास आहे. दर गुरुवारी ती सत्संगाला जाते, आणि पाटल्यांचा विषय काढला की स्वयंपाकघरात निघून जाते.